‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ : आवडता ट्रॅक निवडू पाहणाऱ्या नव्या श्रोत्यांसाठी मार्गदर्शक

डिसेंबर उजाडला की व्हिन्स ग्वाराल्डी या अमेरिकन पियानोवादकाच्या ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ या १९६५ सालच्या अल्बमचे चाहते दरवर्षी त्याच प्रश्नावर हिरिरीने बोलू लागतात : यातला सर्वांत चांगला ट्रॅक कोणता? नाताळाच्या संगीतात वाद्यसंगीताचे अल्बम पुष्कळ आहेत, पण ज्याच्या प्रत्येक ट्रॅकला स्वतःचा कैवारी आहे असा अल्बम विरळा. या चर्चेत नव्याने येणाऱ्याला दोन अडचणी हमखास येतात. एक म्हणजे त्याने बहुधा एकच धून ऐकलेली असते, आणि दुसरी म्हणजे जॅझ ऐकण्याची सवय नसल्यामुळे ‘हे छान वाटले’ याच्या पुढे काय बोलावे ते सुचत नाही. या दोन्ही अडचणी थोड्या शिस्तीने ऐकल्यास दूर होतात. या अल्बममधल्या बहुतेक सुरावटी सोप्या आणि लगेच लक्षात राहणाऱ्या आहेत. त्यामुळे कोणता ट्रॅक आपला, हे सुरावटीवरून ठरत नाही. तिच्याखाली पियानोचा डावा हात, बेस (म्हणजे डबल बेस, खर्जातले मोठे तंतुवाद्य) आणि ड्रम हे तिघे मिळून काय करत आहेत, त्यावरून ते ठरते, असे माझे ठाम मत आहे. पुढच्या सर्व पायऱ्या त्या दिशेने नेणाऱ्या आहेत.

पहिली पायरी : योग्य आवृत्ती हाती घेणे

हा अल्बम अनेकदा पुन्हा प्रसिद्ध झाला आहे आणि प्रत्येक वेळी शेवटी काही ना काही जोडले गेले आहे. त्यामुळे दोन चाहते एकाच अल्बमविषयी बोलत आहेत असे वाटत असताना प्रत्यक्षात त्यांच्यासमोर वेगवेगळ्या याद्या असतात. मूळ तबकडीवर अकरा ट्रॅक होते. पहिल्या बाजूला पाच : ‘ओ टॅननबाउम’, ‘व्हॉट चाइल्ड इज धिस’, ‘माय लिट्ल ड्रम’, ‘लायनस अँड लूसी’ आणि ‘ख्रिसमस टाइम इज हिअर’चे वाद्यरूप. दुसऱ्या बाजूला सहा : ‘ख्रिसमस टाइम इज हिअर’चे गायनरूप, ‘स्केटिंग’, ‘हार्क, द हेरल्ड एंजल्स सिंग’, ‘ख्रिसमस इज कमिंग’, ‘फ्युर एलिझ’ आणि ‘द ख्रिसमस साँग’. हे सारे मिळून सुमारे पस्तीस मिनिटांचे संगीत आहे. आपल्या अॅपवरच्या यादीत ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ दिसत असेल, तर तो सीडीच्या काळात जोडलेला ट्रॅक आहे. तो वाईट मुळीच नाही, पण मूळ अकरांमध्ये त्याला धरू नये. ‘व्हॉट चाइल्ड इज धिस’ हे भक्तिगीत ज्या जुन्या इंग्रजी चालीवर बांधले आहे ती चाल ‘ग्रीनस्लीव्ह्ज’चीच असल्यामुळे नवे श्रोते या दोन ट्रॅकमध्ये नेहमी गोंधळतात. २०२२ साली ध्वनिमुद्रणाच्या वेळचे न वापरलेले टेकही (एकाच ट्रॅकची वेगवेगळ्या वेळी केलेली वादने) विस्तारित आवृत्तीतून बाहेर आले. ते अभ्यासूंसाठी मोलाचे आहेत, परंतु सुरुवात त्यांच्यापासून करू नये.

ऐकण्याचे साधनही महत्त्वाचे आहे. मोबाइलच्या स्पीकरवर डबल बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि बेस वजा केला तर या अल्बमचा एक तृतीयांश भाग नाहीसा होतो. साधे पण बरे हेडफोन पुरतात.

दुसरी पायरी : अल्बमची जन्मकथा थोडक्यात जाणून घेणे

ग्वाराल्डीचा जन्म १९२८ सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा, आणि त्याची सारी कारकीर्द त्या शहराच्या आसपास घडली. १९६२ सालच्या अल्बममधल्या ‘कास्ट युवर फेट टू द विंड’ या त्याच्या रचनेला ग्रॅमी मिळाले. ली मेंडेलसन हा दूरचित्रवाणी निर्माता चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या व्यंगचित्रमालिकेवर माहितीपट करत होता. गोल्डन गेट पुलावरून गाडीने जात असताना त्याने रेडिओवर ही रचना ऐकली आणि हाच माणूस हवा असे ठरवले. मेंडेलसनने पुढे अनेकदा सांगितलेली आठवण अशी की, ग्वाराल्डीने नवी धून सुचताच त्याला फोन केला. फोनवर नीट ऐकू येणार नाही, प्रत्यक्षच ऐकतो, असे मेंडेलसन म्हणत असतानाही, आत्ता वाजवली नाही तर विसरून जाईन, म्हणून ग्वाराल्डीने ती फोनवरच वाजवून दाखवली. ती धून म्हणजे ‘लायनस अँड लूसी’. तो माहितीपट कोणत्याही वाहिनीने घेतला नाही, पण त्याचे संगीत १९६४ साली अल्बम म्हणून आले.

पुढे कोका-कोलाच्या प्रायोजकत्वाने ‘पीनट्स’मधल्या चार्ली ब्राउन या मुलावरचा, अल्बमच्याच नावाचा, नाताळाचा अर्ध्या तासाचा कार्टून कार्यक्रम ठरला आणि ९ डिसेंबर १९६५ रोजी तो सीबीएस या अमेरिकन वाहिनीवर दाखवला गेला. या अल्बममधले संगीत त्याच कार्यक्रमाचे. मुलांच्या कार्यक्रमाला जॅझ कसे चालेल, अशी शंका वाहिनीच्या अधिकाऱ्यांना होती. प्रेक्षकांनी मात्र तो त्याच आठवड्यात उचलून धरला. २०१२ साली हा अल्बम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट केला. चर्चेत उतरण्यापूर्वी एवढा इतिहास पुरेसा आहे. यातून एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी : ‘लायनस अँड लूसी’ नाताळासाठी रचलेलीच नव्हती. तिचा नाताळाशी जडलेला संबंध केवळ या कार्यक्रमामुळे आहे.

तिसरी पायरी : एकदा सलग, मग एकेक वाद्य धरून

पहिल्या वेळी संपूर्ण अल्बम मूळ क्रमाने, मध्ये न थांबवता ऐकावा आणि कोणताही निकाल देऊ नये. त्यानंतर ‘ओ टॅननबाउम’ निवडावा आणि तो तीनदा ऐकावा : एकदा पियानोकडे लक्ष देऊन, एकदा फक्त बेसकडे, एकदा फक्त ड्रमकडे. या अभ्यासासाठी मी हाच ट्रॅक सुचवतो, कारण सर्व अल्बम कसा चालतो हे त्याच्या पाच मिनिटांत उलगडून दाखवलेले आहे.

मूळ चाल जर्मन आहे, घरोघरी गायली जाणारी आहे, आणि तिच्यात तसे काही गूढ नाही. ग्वाराल्डी सुरुवातीला एकटाच असतो. लयीचे बंधन न मानता तो चालीची एकेक ओळ सावकाश ठेवतो, ओळीच्या शेवटी थांबतो, आणि नेहमीच्या सरळ स्वरसंगतीच्या जागी थोडे अनपेक्षित, मृदू कॉर्ड (एकाच वेळी वाजवलेले स्वरांचे गट) ठेवतो. आलापात गायक लय न धरता रागाचे स्वर मांडतो तेव्हा जशी मोकळीक असते तशीच ही आहे, फक्त इथे चाल आधीपासून सर्वांना माहीत असते. मग बेस आणि ड्रम आत येतात आणि तीच चाल डोलू लागते. इथे ड्रमवर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश फिरत आहेत, त्यामुळे ठोक्यापेक्षा घासल्याचा बारीक आवाज अधिक ऐकू येतो. ठोक्याचे दोन भाग सारखे नसून पहिला लांब आणि दुसरा आखूड आहे. जॅझमध्ये ज्याला स्विंग म्हणतात ते हेच. चाल एकदा पूर्ण झाली की पियानो तिच्या स्वरसंगतीवर नव्या ओळी रचत जातो, आणि पुढे बेसलाही स्वतःचे बोलणे मांडायला जागा मिळते.

आपल्याकडे तबल्याच्या ठेक्यावर वाढलेल्या कानाला इथे एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागते. ठेका आवर्तनातली जागा दाखवतो, स्वर मात्र गायकाकडे असतात. या ट्रायोत, म्हणजे तीन वादकांच्या संचात, बेस दोन्ही कामे करतो. तो लय चालवतो आणि त्याच वेळी प्रत्येक कॉर्डचा पाया कोणता ते सांगतो. म्हणून बेसचा स्वर बदलला की वरची तीच सुरावट वेगळ्या भावाची वाटते. हे एकदा कानाला पटले की पुढचे दहा ट्रॅक आपोआप उघडतात.

बेस आणि ड्रम नेमके कोणी वाजवले, हाही चाहत्यांचा जुना विषय आहे. मूळ वेष्टनावर साथीदारांची नावे नव्हती, त्यामुळे अनेक वर्षे तर्क चालू राहिले. बेसवर फ्रेड मार्शल व ड्रमवर जेरी ग्रानेली ही जोडी, आणि त्याआधीची माँटी बडविग व कॉलिन बेली ही जोडी, ही चार नावे आपल्याला या चर्चेत वारंवार भेटतील.

चौथी पायरी : ‘लायनस अँड लूसी’ थोडी बाजूला ठेवणे

नवागत बहुतेक वेळा हाच ट्रॅक सर्वोत्तम म्हणून सांगतो. तो आवडणे अगदी स्वाभाविक आहे, आणि जुन्या चाहत्यांनी त्याबद्दल नाक मुरडू नये. तरीही तो का आवडतो हे सांगता आले पाहिजे. डावा हात खालच्या सप्तकात एकच उसळता नमुना फिरवत राहतो, आणि उजवा हात ठोक्यांवर न पडता ठोक्यांच्या मधल्या जागांत स्वर टाकतो. त्या दोन हातांच्या ओढाताणीतून नाचावेसे वाटायला लावणारी ऊर्जा येते. मधल्या भागात हा नमुना सुटतो, ट्रायो दुसऱ्या चालीने वाजवू लागतो, आणि मुखड्यावर परत येण्याची वेळ येते तेव्हा तोच डावा हात पुन्हा सुरू होतो. ज्यांना पियानो थोडाफार येतो त्यांनी दोन्ही हात एकत्र वाजवून पाहावे. अवघड काय आहे ते लगेच कळेल.

माझा सल्ला असा की हा ट्रॅक काही दिवस ऐकूच नये. त्याचा आवाज इतका ठसठशीत आहे की त्याच्या शेजारी बाकीचे ट्रॅक फिके वाटतात, आणि त्यामुळे त्यांच्यावर अन्याय होतो.

पाचवी पायरी : एकाच नावाचे दोन ट्रॅक शेजारी ठेवून ऐकणे

चाहत्यांमधली सर्वांत चांगली, सर्वांत मनापासूनची चर्चा इथे होते. ‘ख्रिसमस टाइम इज हिअर’ अल्बममध्ये दोनदा येते : आधी सहा मिनिटांचे वाद्यरूप, आणि लगेच पाठोपाठ तीन मिनिटांहून कमी असलेले मुलांच्या आवाजातले गायनरूप. रचना मुळात वाद्यांसाठीच झाली होती. कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या दृश्यासाठी शब्द हवेत असे वाटल्यावर मेंडेलसनने स्वतःच ते एका पाकिटाच्या मागे काही मिनिटांत लिहून काढले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या सॅन राफेल गावातल्या सेंट पॉल्स एपिस्कोपल चर्चमधल्या मुलांनी ते गायले.

गायनरूपाचे चाहते त्या मुलांच्या आवाजावर लुब्ध असतात, आणि त्यांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. हा तालमी करून घासूनपुसून लखलखीत केलेला गायकवृंद नाही. स्वर किंचित खाली राहतात, ओळी लांबतात, श्वास ऐकू येतो. शब्द आनंदाचे आहेत आणि आवाजात मात्र एक उदासी आहे, अगदी त्या कथेतल्या चार्ली ब्राउनसारखी, ज्याला सण आला तरी आनंद का होत नाही हेच कळत नसते.

माझे मत वाद्यरूपाच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण पहिल्या दोन कॉर्डमध्ये आहे. ही तीन मात्रांच्या चालीतली संथ रचना आहे. एफ हा स्वर षड्ज धरला तर पहिला कॉर्ड षड्जावर उभा आहे. त्यात शुद्ध निषाद मिसळलेला असल्यामुळे तो स्थिर असूनही पुरता निवांत नाही. दुसरा कॉर्ड मात्र कोमल निषादावर उभा आहे. बेस षड्जावरून एक पायरी खाली उतरतो आणि क्षणभर घर सोडल्यासारखे वाटते, मग तो परत येतो, आणि पुन्हा उतरतो. शुद्ध आणि कोमल निषाद पाठोपाठ येण्याची सवय आपल्या कानाला खमाज किंवा देस रागांतून असते, म्हणून मराठी श्रोत्याने ही जागा विशेष लक्ष देऊन ऐकावी. तिथे हे दोन निषाद आरोह-अवरोहाच्या ओघात येतात, तर इथे संपूर्ण पायाच सरकतो. सणाचा आनंद आणि त्याच्या तळाशी असलेली हुरहूर, हे दोन्ही या एका सरकण्यात आहे, आणि तिथे शब्दांची गरज उरत नाही. सहा मिनिटे या दोन कॉर्डपाशी पुनःपुन्हा येत राहण्याची मुभा वाद्यरूपच देते. मधे बेस पुढे येऊन बोलतो तेव्हा पियानो जवळजवळ गप्प होतो, ब्रश तेवढे फिरत राहतात, आणि तीन वादक एकमेकांसाठी किती जागा सोडतात ते स्पष्ट ऐकू येते.

दोन्ही रूपे एकाच बैठकीत, आधी वाद्यरूप आणि मग गायनरूप, अशा मूळ क्रमानेच ऐकावीत. क्रम उलटा केला तर वाद्यरूप ऐकताना मनात शब्द वाजत राहतात.

सहावी पायरी : मागे राहिलेल्या ट्रॅकना वेळ देणे

‘स्केटिंग’ हा अडीच मिनिटांचा ट्रॅक जाणत्या चाहत्यांच्या यादीत अनेकदा फार वर असतो. हाही तीन मात्रांचा आहे, पण ‘ख्रिसमस टाइम इज हिअर’च्या दुप्पट हलका. उजव्या हाताने जोडीजोडीने घेतलेले स्वर वरून खाली भराभर घरंगळत येतात, आणि बर्फावर घसरत जाणारी मुले डोळ्यांसमोर उभी राहतात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांनी सांता रोझा गावी जरूर जावे. तिथे शुल्झ यांच्या नावाचे संग्रहालय आहे, आणि त्यांनी स्वतः बांधलेला, १९६९ साली सुरू झालेला बर्फाचा स्केटिंग रिंकही जवळच आहे.

‘ख्रिसमस इज कमिंग’ हा अल्बममधला सर्वांत खेळकर ट्रॅक आहे. त्यातला ठेका मधेच सरळ चालीवरून स्विंगवर जातो आणि परत येतो. ही अदलाबदल कुठे होते ते टाळी धरून ऐकल्यास पटकन सापडते. ‘माय लिट्ल ड्रम’ एका परिचित नाताळगीतावर आधारलेला आहे आणि ज्यांना ड्रमचा बारकावा आवडतो त्यांच्यासाठी आहे. ‘व्हॉट चाइल्ड इज धिस’ला मी बराच वरचा क्रमांक देईन, कारण जुन्या चालीचा गंभीरपणा न घालवता ट्रायोने तिला चालते केले आहे. ‘द ख्रिसमस साँग’ शांत, जरा जुन्या धाटणीचा समारोप आहे. ‘फ्युर एलिझ’ म्हणजे बेटहोव्हनची सर्वपरिचित रचना, जेमतेम मिनिटभराची. ती इथे का आहे याचे उत्तर व्यंगचित्रात आहे, कारण त्यातला श्रोडर हा मुलगा बेटहोव्हनचा भक्त आहे. ‘हार्क’मध्ये पुन्हा मुलांचे गायन आहे. कार्यक्रम पाहिलेल्यांना ते शेवटच्या दृश्यामुळे प्रिय असते, केवळ संगीत म्हणून त्यावर बोलण्यासारखे थोडे आहे.

सातवी पायरी : आपली निवड मांडणे

आता आपला ट्रॅक सांगण्यास हरकत नाही, पण सांगताना त्यातली एखादी नेमकी जागा सांगावी. ‘मला स्केटिंग आवडतो’ यावर संभाषण थांबते. ‘स्केटिंगमध्ये वरून खाली येणारे स्वर दुसऱ्यांदा येतात तेव्हा ड्रम काय करतो ते मला आवडते’ असे म्हटले की समोरचा माणूस तो ट्रॅक पुन्हा लावतो. कार्यक्रमाची आठवण आणि ट्रॅकचे वादन या दोन गोष्टी बोलताना वेगळ्या ठेवाव्यात. दोन्हींना मान आहे, परंतु ज्याने लहानपणी हा कार्यक्रम पाहिलेला नाही, आणि भारतात वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नाही, त्याने याबद्दल मुळीच कमीपणा मानू नये. उलट आपल्याला हे संगीत चित्रांच्या आधाराशिवाय ऐकण्याची संधी मिळते, आणि ग्वाराल्डीच्या ट्रायोची ताकद त्यामुळे अधिक स्वच्छ कळते. ‘सर्वोत्तम’ आणि ‘माझा आवडता’ हे दोन निराळे प्रश्न आहेत, हेही सुरुवातीलाच स्पष्ट करावे. माझ्या दृष्टीने अल्बममधले सर्वोत्तम ट्रायो-वादन ‘ओ टॅननबाउम’मध्ये आहे, आणि तरीही वारंवार लावला जाणारा ट्रॅक ‘ख्रिसमस टाइम इज हिअर’चे वाद्यरूप हाच आहे.

आठवी पायरी : पुढे काय ऐकावे

हा अल्बम अंगवळणी पडला की १९६४ सालचा, त्या न दाखवलेल्या माहितीपटाच्या संगीताचा अल्बम ऐकावा. ‘लायनस अँड लूसी’ नाताळाच्या संदर्भाबाहेर कशी वाटते ते तिथे कळते. त्यानंतर १९६२ सालचा, ‘कास्ट युवर फेट टू द विंड’ असलेला अल्बम घ्यावा. ज्यांना आणखी मागे जायचे असेल त्यांनी १९५०च्या दशकातल्या कॅल जेडर यांच्या वाद्यवृंदातला ग्वाराल्डी ऐकावा. त्याच्या डाव्या हातातले लॅटिन वळण तिथे घडले. जेडर पूर्वी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांच्या ट्रायोत ड्रम वाजवत असत. हे तेच ब्रुबेक, जे १९५८ साली मुंबईत आले होते आणि ज्यांनी इथे सतारवादक अब्दुल हलीम जाफर खान यांच्याबरोबर वादन केले होते.

मुलांच्या गायनरूपाच्या बाजूने ज्यांचा कौल पडला असेल, त्यांनी मात्र आधी ग्वाराल्डीचा सॅन फ्रान्सिस्कोतल्या ग्रेस कॅथीड्रलमधला अल्बम शोधावा. २१ मे १९६५ रोजी तिथे जॅझ वाद्यांच्या साथीने प्रार्थनाविधी झाला, त्याचे ते प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण आहे. त्यात गाणारा गायकवृंदही सॅन राफेलच्या त्याच चर्चचा आहे, आणि नाताळाच्या अल्बमसाठी ग्वाराल्डीने त्यांच्याकडेच का जावे हे तो ऐकल्यावर समजते.